मधला आवाज

“हे दुसरे जास्त मोकळे वाटतात,” नम्रता म्हणाली. रिमोट हातात घेऊन उभी असलेली दुकानातली प्रिती म्हणाली, “मॅडम, अजून पहिलेच चालू आहेत. मी बदललेच नाहीयेत.”

एवढंच झालं. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ऐकायच्या खोलीत, राखाडी कापड लावलेल्या भिंतींमध्ये ती आणि तिचा नवरा धम्मपाल शेजारी शेजारी बसली होती. समोर स्पीकरच्या चार जोड्या शाळेतल्या मुलांसारख्या ओळीने उभ्या होत्या. दुसरी कुणी असती तर हसली असती. प्रितीही म्हणालीच, “होतं हो असं, माझंही होतं. नवीन ऐकायला बसलं की मन आधीच ठरवून टाकतं.” धम्मपालने एकदा मान वळवून नम्रताकडे पाहिलं, मग प्रितीला म्हणाला, “मघाशी आवाज जरा कमी होता. आता दुसरे लावा.” दुसरे लागले. तीच बाई गात होती, तीच सारंगी तिच्या मागून चालली होती, आणि पहिल्यात नि दुसऱ्यात नम्रताला काडीचा फरक कळत नव्हता. ती धम्मपालच्या चेहऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिली. त्याच्या भुवया थोड्या वर गेल्या, ओठ सैल झाले. म्हणजे हे चांगले असणार. “हे छान आहेत,” ती म्हणाली. या वेळी बरोबर आलं.

त्यांच्या घरात आवाजाबद्दलचा शेवटचा शब्द तिचा असायचा, हेच तर सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. लग्नाआधी, दादरच्या एका वाचनालयाच्या अभ्यासवर्गात ओळख झालेल्या या अबोल मुलाने तिला हिवाळ्यातल्या शास्त्रीय गाण्याच्या एका बैठकीला नेलं होतं, शाळेच्या सभागृहात, सतरंजीवर. त्याच्या घरात ते गाणं कुणी ऐकत नव्हतं. त्याचे कुशाबाकाका म्हणायचे, हे आपलं गाणं नाही रे बाबा, आपलं गाणं रस्त्यावरचं, डफावरचं. तो म्हणायचा, मला दोन्ही आवडतात काका, आणि गप्प बसायचा. बैठक संपल्यावर दोघं चालत लालबागपर्यंत आली. वाटेत ती सहज म्हणाली, “तंबोरा मध्येच उतरला होता ना? गाणाऱ्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.” भारतमाता सिनेमा ओलांडल्यावर, पार पुढे येऊन, तो म्हणाला, “तुला कळलं ते?” बायका आपल्या लग्नाची मागणी कशी आली ते रंगवून सांगतात. नम्रताला विचारलं तर तिने हेच सांगितलं असतं. त्यानंतर चाळीतल्या खोलीत आधी टेपरेकॉर्डर आला, मग चोरबाजारातून एक जुना टर्नटेबल. धम्मपाल माझगावच्या गोदीत ड्रॉइंग ऑफिसात जहाजांचे नकाशे काढायचा, संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन तबकडी लावायचा, आणि दोघं भिंतीला टेकून ऐकायची. सासूबाई म्हणायच्या, ही दोघं भांडत कशी नाहीत? भांडायला बोलावं लागतं. त्यांचं जे काय बोलणं होतं ते त्या ऐकण्यात होऊन जायचं. एखाद्या जागेवर तो नुसता तिच्याकडे बघायचा, ती मान हलवायची, की झालं. पट्टा सैल झाल्याने तबकडी किंचित मंद फिरतेय हे ती मोरीतून भांडी घासताना ओरडून सांगायची आणि ते खरं निघायचं. तो मित्रांना अभिमानाने सांगायचा, “माझे हात, हिचे कान.”

“सर, खरं सांगू का,” प्रिती आता खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली होती, “तुमच्या खोलीला उभे मोठे स्पीकर जड होतील, बास, म्हणजे खालचा जड आवाज, नुसता घुमेल. हे छोटे घ्या, स्टँडवरचे. यांच्यासारखा आवाज या पूर्ण दुकानात नाही. मधोमध बसलात की गाणारा समोर दिसतो, अगदी बोट दाखवून सांगाल की इथे उभा आहे. फक्त एकच आहे, मधोमध बसायला हवं. जरा बाजूला सरकलात की गेलं.”

“म्हणजे एकट्याने ऐकायचे?” धम्मपालने विचारलं.

“हो, एकट्याचे आहेत ते.”

“आम्ही दोघं ऐकतो,” धम्मपाल म्हणाला.

“मग ते पलीकडचे बघा. त्यांचा आवाज पसरतो. बारकावे थोडे कमी, पण दोन खुर्च्या चालतील.”

धम्मपालने त्या छोट्या जोडीकडे पाहिलं. नम्रताने ते पाहणं पाहिलं. निवृत्तीनंतर नवीन टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळाल्यापासून हा माणूस एकाच गोष्टीबद्दल बोलत होता, तेही त्याच्या हिशेबाने, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वाक्यं. चाळीत आवाज नेहमी दाबून ठेवायचा, शेजारच्याचं पोर झोपलेलं, कुणाची रात्रपाळी. पुढे कधीतरी नीट ऐकू, असं म्हणत सगळा जन्म काढला. जे काही नीट ऐकलं ते हेरंबकडे. हेरंब त्याचा ड्रॉइंग ऑफिसातला मित्र, राहायला ठाकूरद्वारला. त्याच्या वडिलांकडे विलायती स्पीकर होते आणि समोर एक वेताची आरामखुर्ची. ती खुर्ची वडिलांची, ते नसले तर हेरंबची. धम्मपाल खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा. त्याला कुणी खुर्चीवर बस म्हटलं नाही आणि तोही कधी बसला नाही. “कोपऱ्यात बास जास्त येतो,” एवढंच तो हसून नम्रताला सांगायचा.

“ते छोटेच घे ना,” ती म्हणाली. “तुला आवडलेत ते.”

“आपल्याकडे दोन खुर्च्या आहेत,” तो म्हणाला, आणि प्रितीला त्याने पलीकडच्या जोडीचं बिल करायला सांगितलं.

खाली उतरताना जिन्यात ती त्याच्या डाव्या हाताला आली. गेली दोन वर्षं ती त्याच्या डावीकडूनच चालत होती, म्हणजे तिचा उजवा कान त्याच्याकडे यायचा. हॉटेलात ती भिंतीकडची जागा घ्यायची. बंगळुरूहून मुलीचा, मानसीचा फोन आला की उजव्या कानाला लावायची आणि “रेंज नाही गं नीट” म्हणून थोडक्यात आटपायची. सुरुवात कधी झाली ते तिला सांगता आलं नसतं. एकदा डाव्या कानात बारीक शीळ सुरू झाली, कुकरची दूरची शिट्टी असावी तशी, आणि ती थांबलीच नाही. मग माणसांच्या बोलण्यातून स आणि श गळायला लागले. मग एकदा झांजा वाजताना दिसल्या, टीव्हीवर, हात हलत होते आणि आवाज नव्हता. ती एकटीच दादरच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. ती खूप वेळ बटण धरून नुसती बसली होती, आणि बाहेरची मुलगी तिच्याकडे बघत होती, म्हणजे आवाज चालू होते. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “डाव्याची नस सुकत आलीय, ती परत येणार नाही. उजवा आहे तेवढा सांभाळू. यंत्र लावलंत तर बोलणं कळेल.” तिने विचारलं, “आणि गाणं?” त्याने हात पालथा करून हवेत डावीउजवीकडे हलवला. ती घरी आली आणि धम्मपालला म्हणाली, भाजी आणायला गेले होते.

का नाही सांगितलं? बसमध्ये, खिडकीतून ग्रँट रोडचा पूल मागे जाताना तिने स्वतःला पुन्हा विचारलं. धम्मपाल शेजारी स्पीकरचं माहितीपत्रक वाचत होता. तिला तिचे वडील, बुधाजी, आठवत होते, आजकाल ते फार आठवायचे. ते गिरणीत विणकाम खात्यात, एका वेळी चार-चार मागांवर उभे राहायचे. त्या खडखडाटात वर्षं काढलेल्या सगळ्याच माणसांचे कान गेलेले असायचे. तिथे ते एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायचे. घरी आले की ओरडून बोलायचे, कारण आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळायचंच नाही. आई, कमळाबाई, त्यांच्यासमोर येऊन आधी खांद्याला हात लावायची, मग तोंड मोठं उघडून एकेक शब्द बोलायची. नम्रता सातवीत असताना ते एकदा शाळेत आले, विसरलेला डबा घेऊन, आणि व्हरांड्याच्या टोकावरून त्यांनी विचारलं, “नमे, उपाशी हाईस व्हय गं?” अख्खी शाळा हसली. तिने डबा घेतला, त्यांच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. ते खुशीत परत गेले, त्यांना हसणं ऐकू आलं नव्हतं. पुढे संप झाला, गिरण्या थांबल्या, आणि बुधाजी गॅलरीत बसून राहायला लागले. एक दिवस मांडीवर हात आपटत म्हणाले, “भाईरची बंद पडली बघ. कानातली चालूच हाय.” तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा काहीतरी बोलतोय. आता ती शीळ घेऊन फिरताना तिला ते वाक्य शब्दन् शब्द कळत होतं, आणि कळलं म्हणून सांगायला समोर कुणी नव्हतं.

पण वडिलांचं कारणही खरं नव्हतं, निदान पुरतं नव्हतं. बायको बहिरी झाली म्हणून धम्मपाल तिला टाकणार नव्हता. त्याने तिचं सगळं केलं असतं, डॉक्टर, यंत्र, सगळं. तिला भीती होती ती वेगळीच. संध्याकाळी शेजारी बसून तो एखाद्या जागेवर तिच्याकडे बघायचा ते बघणं थांबेल. आता तो बघायचा आणि ती मान हलवायची, कधी बरोबर वेळी, कधी अंदाजाने. जोवर ती मान हलवत होती तोवर ते चालू होतं.

स्पीकर शनिवारी आले. दुकानाची माणसं खोकी ठेवून गेली आणि धम्मपालने दुपारचं जेवण झाल्यावर फरशीवर बसून टेप, ब्लेड, वायर असा सगळा संसार मांडला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने आधी खोलीचा नकाशा काढला, भिंती, खिडकी, दोन खुर्च्या. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, खुर्च्यांच्या दिशेने किंचित आत वळवले. मग वायर जोडून, हात पुसून, तो म्हणाला, “बस.”

ती खुर्चीवर बसली. त्याने लावलं ते एका बाईंचं जुनं गाणं होतं, दोघांना पाठ असलेलं. आवाज मधोमध यायला हवा, दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेतून, जिथे काहीच नाही तिथून. तो स्पीकरजवळ उभा राहून तिच्याकडे बघत होता.

“मध्ये आहे?”

“हो.”

त्याने डावा स्पीकर थोडा हलवला. “आता?”

“आता जास्त मध्ये.”

तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, “डोळे मीट, नमू. डोळे मिटून सांग. बघून नीट कळत नाही.”

तिने डोळे मिटले. आत शीळ होती, आणि शिळेच्या पलीकडे, उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, ती बाई गात होती. मध्ये नव्हती. डावीकडे तर काहीच नव्हतं, भिंत असावी तसं. त्याचा चेहरा नाही, भुवया नाहीत, धरायला काही नाही. तिला एकदम थकवा आला, दोन वर्षांचा. निदान याचं तरी खरं उत्तर देऊ, तिला वाटलं. “उजवीकडे आहे,” ती म्हणाली.

फरशीवर स्टँड सरकल्याचं तिला पायांतून कळलं. “आता?”

“अजून उजवीकडेच.”

पुन्हा सरकवलं. पुन्हा. तिने डोळे उघडले नाहीत. तो विचारत होता, ती सांगत होती, आणि एकदा, किती वेळाने कोण जाणे, ती बाई हळूहळू सरकत, खिडकीवरून, कॅलेंडरवरून, चालत मध्ये आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. अंधुक होती, तिच्या गळ्यातली धार नव्हती, पण समोर होती. “आली,” नम्रता म्हणाली. “मध्ये आली.” धम्मपाल म्हणाला, “बरं. राहू दे मग असंच,” आणि येऊन तिच्या उजवीकडच्या खुर्चीवर बसला. तिने डोळे उघडले तेव्हा खोलीत ऊन कलतं झालं होतं आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की स्पीकर कुठे आहेत हे तिने धड बघितलंही नाही. मग बघितलं. डावा पार पुढे, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आला होता. उजवा मागे खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्याला टेकून, भिंतीकडे तोंड वळवून उभा होता. खोलीचीच रचना अशी वाकडी असेल, तिने स्वतःला समजावलं. खिडकीची काच आहे, आवाज परततो. त्याला कळतं त्यातलं.

ते दिवस बरे गेले. संध्याकाळी चहा घेऊन दोघं बसायची. ती डोळे मिटायची आणि बाई मध्ये यायची, कधी बासरी, कधी सतार, सगळं समोर, जरा दुरून आल्यासारखं. धम्मपाल शेजारी असायचा. तो तिच्याकडे बघायचा की नाही ते तिला कळायचं नाही, कारण तिचे डोळे मिटलेले असायचे, आणि त्याचं तिला बरं वाटायचं. कधीतरी मध्येच डोळे उघडले तर तो समोरच्या भिंतीकडे बघत असायचा, हात मांडीवर, डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत माणूस बसतो तसा. नवीन स्पीकर, सवय व्हायला वेळ लागतो, तिला वाटायचं. तबकडीची एक बाजू संपली की तो दुसरी लावायला पूर्वीसारखा लगेच उठत नव्हता. एकदा तिने विचारलं, “आवडतायत ना?” तो म्हणाला, “तुला मध्ये येतंय ना?” ती हो म्हणाली. तो म्हणाला, “मग झालं.”

हेरंब आला रविवारी सकाळी, ठाकूरद्वारहून फरसाण घेऊन, धापा टाकत, लिफ्ट असूनही. निवृत्त झाल्यापासून त्याचं पोट सुटलं होतं आणि बोलणं वाढलं होतं. “वहिनी, चहा नंतर, आधी दर्शन,” म्हणत तो आतल्या खोलीत शिरला आणि दारातच थांबला. नम्रता त्याच्या मागे होती. तिला त्याची पाठ दिसत होती, तोंड नाही, पण हेरंब गडगडाटी बोलायचा, त्यामुळे ते सगळं तिला ऐकू आलं.

“अरे, हे काय? कोणी लावले हे? डावा मांडीवर घेतलायस आणि उजव्याला कोपऱ्यात शिक्षा केलीयस. धम्या, तुला एवढं कळत नाही? गोदीत असं ड्रॉइंग काढलं असतंस तर जहाज कलंडलं असतं. सरक, मी लावून देतो.”

तो स्पीकरला हात घालणार तोच धम्मपालने त्याचं मनगट धरलं. धम्मपाल नेहमीसारखा हळू बोलला, तिला ऐकू येणार नाही इतका हळू. पण तो अर्धवट दाराकडे वळलेला होता आणि त्याचे ओठ तिला दिसत होते. ओठ वाचायला ती कधी शिकली हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“नम्रताने बसवलेत,” तो म्हणाला. “हात लावू नकोस. तसेच राहू देत.”

हेरंबचा हात खाली आला. त्याने एकदा डाव्या स्पीकरकडे पाहिलं, एकदा उजव्याकडे, आणि मग सावकाश मागे वळून नम्रताकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन तिथे जे आलं ते तिला बघवलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. चहाचं पाणी ठेवलं. म्हणजे हे समोर मांडलेलंच होतं. तिच्या कानांचा नकाशा त्या माणसाने स्वतःच्या हाताने खोलीभर काढला होता, डावा इतका गेलेला, उजवा इतका उरलेला, आणि रोज संध्याकाळी त्यात बसून तो ते वाकडंतिकडं ऐकत होता, एका बाजूने कानठळ्या, दुसऱ्या बाजूने पडद्यातून गाळून आलेलं. ज्या आवाजासाठी आयुष्यभर थांबला तो आला तेव्हा त्याने तो असा मोडून ठेवला, आणि वर विचारलं, तुला मध्ये येतंय ना. पाणी उकळून निम्मं झालं तेव्हा तिला आठवलं की साखर टाकायची आहे.

हेरंब लवकर गेला. धम्मपाल कप उचलून आत आला तेव्हा ती ओट्याला पाठ लावून उभी होती.

“मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “डावा गेलाय. उजवाही चाललाय. दोन वर्षं झाली. डॉक्टरला दाखवून आलेय.”

त्याने कप बेसिनमध्ये ठेवले. “हं.”

“तुला माहीत होतं.”

“दुकानाच्या आधीपासून वाटत होतं. मग स्पीकर सरकवताना…” तो थांबला, हात पुसत राहिला. “तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हटलं.”

“आणि तू रोज ते तसलं ऐकत बसलास? मुकाट्याने?”

“तुझा चेहरा खूश असायचा, नमू.”

तिला राग आला. एवढ्या वर्षांत आला नव्हता असा, आणि कुणावर ते कळत नव्हतं. “मला खोटं बोलू दिलंस तू. मी मान हलवत होते आणि तुला कळत होतं की मी उगाच हलवतेय. असं कोण करतं?” तो काही बोलला नाही. मग तिला वाटलं की बोलला असावा, कारण त्याची हनुवटी हलली होती, पण तो बेसिनकडे बघत होता. शेवटी तीच म्हणाली, “हेरंबला फोन कर. पुढच्या रविवारी बोलव. ते स्पीकर परत देऊन ते छोटे आणा, तुला आवडलेले. नीट लावा. मधोमध एक खुर्ची ठेवा.”

“एक नको.”

“धम्मपाल, मी बसून काय करू तिथे? मला तुझ्याकडे बघत मान हलवायची नाहीये आता.”

तो नाही म्हणेल असं तिला वाटत होतं. निदान एकदा. तिने थोडी वाटही बघितली. तो म्हणाला, “बरं,” आणि बाहेर गेला, आणि दाराशी पोचेपर्यंत त्याचे खांदे, इतके दिवस धरून ठेवलेले, खाली आलेले तिला दिसले.

दुकानाने जोडी बदलून दिली. मधल्या आठवड्यात तीही दादरला जाऊन यंत्र लावून आली, या वेळी दोघं मिळून गेली. यंत्राने खरंच बोलणं कळायला लागलं, भांड्यांचा आवाज तर इतका की चमचा पडला तरी ती दचकायची. त्यातून मोबाइलवरचं गाणं ऐकून पाहिलं तर पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसं आलं. तिने मोबाइल बंद केला. रविवारी हेरंब आला, दोघांनी सकाळभर मोजमापं घेतली, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, आणि दुपारी हेरंब घाम पुसत म्हणाला, “बस रे आता.” धम्मपाल मधल्या खुर्चीवर बसला. हेरंबने सुई टेकवली, आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, चप्पल घालून, वहिनी येतो, म्हणून निघूनच गेला.

नम्रताने यंत्र काढून पलंगाच्या उशीवर ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिला तो बाजूने दिसत होता. सुरुवातीला तो खुर्चीच्या कडेवर होता, दुसऱ्याच्या घरी बसावं तसा. मग मागे टेकला. त्याने डोळे मिटले. त्याच्या तोंडावरच्या सगळ्या रेषा एकेक करून सुटत गेल्या आणि खालून एक चेहरा वर आला जो तिने पाहिला होता, पण फार वर्षांपूर्वी, सतरंजीवर, शाळेच्या सभागृहात. तो समोरच्या रिकाम्या जागेत कुणाला तरी बघत होता. एका ठिकाणी त्याची मान हलली. त्याने डोळे उघडले नाहीत, तिच्याकडे वळून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं, तिनेच सांगितलं होतं. तिला आनंद झाला. खरोखर झाला. पोर परदेशी जायला निघालं की होतो तसा.

चाळीत लग्न होऊन ती आली तेव्हा त्या एका खोलीत सासूसासरे, दीर, आणि साडीचा पडदा लावून ही दोघं. तिथे रात्री धम्मपालचा पहिला शब्द तिने ऐकला तो श्वासापेक्षा हळू होता, कानाच्या पाळीला ओठ लावून. सगळा संसार त्यांनी त्या आवाजात केला. पोरीचं नाव त्यात ठरलं, सासऱ्यांचं आजारपण त्यात सोसलं, एकदा महिनाभर अबोला झाला तो त्यात मोडला. बाहेर तो चारचौघांसारखा बोलायचा, पण तो हळू आवाज तिचा होता, तो दुसऱ्या कुणी कधी ऐकलेला नव्हता, त्याच्या आईनेसुद्धा. टॉवरमध्ये आल्यावर स्वतःची झोपायची खोली झाली, जाड भिंती झाल्या, तरी तो तसाच बोलायचा. गेली दोन वर्षं ती उशीवर डोकं ठेवून, काहीएक न कळता, हं म्हणत आली होती.

तबकडी संपली असावी, कारण तो उठला. डोळे पुसत तिच्याकडे आला. तिने घाईने यंत्रासाठी उशी चाचपली, पण तो तिच्या समोर येऊन उभा राहिला होता. त्याने तिच्या खांद्याला हात लावला, ती वर बघेपर्यंत थांबला, आणि मग तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, ओरडून म्हणाला, “फार, सुंदर, लागलेत, गं.”

“हो, आलं ऐकू,” ती म्हणाली.

पलीकडच्या घरातही गेलं असणार.